लढाई सरते, ट्रान्समीटर उरतो

१९५० साली 'समाधी' नावाचा हिंदी चित्रपट आला. दिग्दर्शक रमेश सैगल, नायक अशोककुमार, नायिका नलिनी जयवंत आणि विषय आझाद हिंद फौजेचा. नेताजींच्या हाकेला ओ देणारा तरुण, इंग्रजांसाठी हेरगिरी करणारी तरुणी, पूर्वेकडची आघाडी असा सगळा मामला देशभक्तीचा. पण हा चित्रपट आज ज्या गाण्यामुळे आठवतो, त्या गाण्यात देशभक्तीचा लवलेश नाही. लता मंगेशकर आणि अमीरबाई कर्नाटकी यांनी गायलेले ते खट्याळ द्वंद्वगीत 'डॉल फेस' या १९४५ साली तयार झालेल्या हॉलिवूडपटातल्या कार्मेन मिरांडाच्या गाण्यावर बेतलेले होते. संगीतकार होते सी. रामचंद्र, म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर. ब्रिटिश आणि अमेरिकन फौजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या सैन्याची कथा सांगणाऱ्या चित्रपटाला अमेरिकन पडद्यावरून आलेल्या चालीने लोकप्रिय करावे, याची त्या वेळी कुणाला गंमत वाटल्याचे दिसत नाही. चाल उडती होती, पाय ठेका धरत होते, तेवढे पुरेसे होते.

कार्मेन मिरांडा हॉलिवूडमध्ये एवढी मोठी झाली, तीही केवळ स्वतःच्या गुणांवर नव्हे. जन्माने पोर्तुगीज आणि वाढीने ब्राझीलची असलेली ही गायिका १९३९ साली अमेरिकेत आली, तेव्हा रूझवेल्ट सरकारचे लॅटिन अमेरिकेशी 'चांगल्या शेजाऱ्या'चे धोरण सुरू होऊन सहा वर्षे झाली होती. युरोपात युद्ध पेटल्यावर या शेजारधर्माला घाई आली. दक्षिण अमेरिकेतली राष्ट्रे जर्मनीच्या कच्छपी लागू नयेत म्हणून १९४० साली नेल्सन रॉकफेलरच्या हाताखाली खास सरकारी कचेरी उघडली गेली आणि तिने हॉलिवूडला लॅटिन विषयांकडे वळवले. युरोपची बाजारपेठ युद्धाने बंद केल्यामुळे स्टुडिओंनाही दक्षिणेकडचा प्रेक्षक हवाच होता. रुंबा, सांबा, डोक्यावर फळांची टोपली घेतलेली नायिका हे सगळे त्या चार-पाच वर्षांत पडद्यावर मुबलक झाले. 'डॉल फेस'मधले ते गाणे तर अस्सल लॅटिनही नव्हते. जिमी मॅकह्यू आणि हॅरॉल्ड ॲडमसन या अमेरिकन जोडीने ते फॅशनबरहुकूम रचलेले होते. वॉशिंग्टनला ब्राझील आणि अर्जेंटिना हाताशी ठेवायचे होते. मुंबईच्या सिनेसंगीतात लॅटिन ठेका यावा, हे तिथे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

मला या लेखात मांडायचे आहे ते एवढेच. युद्ध आणि परराष्ट्रधोरण लोकप्रिय संगीताला आकार देतात हे खरे, पण तो आकार गाण्याच्या शब्दांत किंवा विषयात शोधला तर हाती फारसे लागत नाही. वाजवणारे हात कुठून कुठे गेले, तबकडीचा माल कुठे अडला, पैसा कोणाच्या हातात गेला, आवाज कोणत्या वाटेने घराघरांत शिरला, इथे तो सापडतो. आणि बहुतेक वेळा तो राज्यकर्त्यांच्या हेतूबाहेर, कधी हेतूच्या नेमका उलट घडतो. हिंदी चित्रपटगीताची १९४० ते १९७० ही तीन दशके याचा चांगला पुरावा आहेत.

हातांपासून सुरुवात करू. त्या काळातल्या हिंदी गाण्यांतले ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिनचे ताफे बहुतांशी गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचे. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. ही पोर्तुगीज व्यवस्था कित्येक पिढ्या चालली. पण गोव्यात शिकलेला वादक मुंबईत का आला? गोव्यात पोट भरेना म्हणून, हे ठोकळेबाज उत्तर झाले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात फ्रेंचांनी गोवा घेऊ नये म्हणून इंग्रजांनी १७९९ ते १८१३ या काळात तिथे आपले सैन्य ठेवले. गोरे साहेब, त्यांच्या मेसा, त्यांची चाकरी यांची गोवेकरांना तेव्हा ओळख झाली आणि सैन्य परतल्यावर स्वयंपाकी, बटलर, वादक त्यांच्या मागोमाग ब्रिटिश हद्दीत येऊ लागले. पुढे १८७८ साली ब्रिटन आणि पोर्तुगालमध्ये करार झाला. त्यातून मुरगावची रेल्वे आली, पण जकातीची एकवट व्यवस्था आणि मिठाची मक्तेदारी इंग्रजांकडे गेल्यामुळे गोव्यातल्या अनेकांचा रोजगार बसला. करार १८९२ साली संपला. मुंबईला गेलेली माणसे परतली नाहीत. धोबीतलाव आणि माझगावच्या आसपास गावागावांच्या कुडी, म्हणजे एकेका गावच्या लोकांची सामाईक बिऱ्हाडे, भरत गेल्या. या कुडींतून रेजिमेंटचे बँड, संस्थानिकांचे बँड, मूकपटांच्या पडद्याखाली बसणारे वाद्यवृंद आणि हॉटेलांतले नृत्यसंगीत यांना माणसे मिळाली. लिस्बन आणि लंडन यांच्यातल्या कराराचा एक परिणाम दादर-अंधेरीच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत ऐकू येतो, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे वाटेल, पण मधला एकही दुवा कल्पनेतला नाही.

यावर जाणकार वाचक म्हणेल की जॅझ मुंबईत युद्धाआधीच आला होता. बरोबर आहे. लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा बँड १९३५ साली ताजमध्ये वाजला, तेव्हा दुसऱ्या महायुद्धाचा मागमूस नव्हता. हॉटेलवाल्यांना गिऱ्हाईक खेचायचे होते इतकेच. त्याच्या मागून आलेला पियानोवादक टेडी वेदरफर्ड तर इथलाच झाला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. पण एखादे संगीत शहरात येणे वेगळे आणि ते शहराच्या हाडीमांसी भिनणे वेगळे. युद्धापूर्वी हे संगीत ताजच्या नृत्यगृहात कोट घालून येणाऱ्यांपुरते होते. १९४२नंतर कलकत्ता हे चीन-ब्रह्मदेश आघाडीचे पिछाडीचे ठाणे बनले, मुंबई बंदरात सैनिकांची वर्दळ सुरू झाली, रजेवरच्या जवानांसाठी नाचघरे उघडी राहू लागली आणि जिथे दहा वादक पुरत तिथे पन्नासांची गरज भासू लागली. हल्दोण्याचा अंतोनियो झेव्हियर वाझ, ज्याला सगळे चिक चॉकलेट म्हणत, तो याच काळात नावारूपाला आला. युद्ध संपले, गोरे सैनिक घरी गेले, स्वातंत्र्यानंतर गोरे साहेबही गेले आणि त्यात १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. नाचघरे ओस पडली. हा कायदा मोरारजीभाईंच्या नैतिक आग्रहाचा भाग होता, परराष्ट्रधोरणाचा नव्हे, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण दारूबंदीने बेकार केलेली फौज मुळात युद्धाने भरती केलेली होती. ती फौज शेवटी फिल्म स्टुडिओंच्या दारात उभी राहिली. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, भगवानदादांच्या नाचामागे चिक चॉकलेटची मंडळी वाजवताना पडद्यावरच दिसतात. गिरणगावच्या पोरांना स्विंगवर नाचायला शिकवले ते भगवान आबाजी पालवांनी, पण त्यामागचे ट्रम्पेट युद्धाने शहरात अडकवून ठेवलेल्या पिढीचे होते.

हात आले तरी त्यांना रोजंदारी देणारा हवा. प्रभात, न्यू थिएटर्स, बॉम्बे टॉकीज या कंपन्यांत नट, लेखक, वादक सगळे पगारी असत. केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांनी प्रभातच्या छत्राखाली जे संगीत दिले, त्यात त्या घरपणाची शिस्त ऐकू येते: मोजके वादक, पात्राच्या तोंडी शोभेल अशी चाल. कच्ची फिल्म परदेशातून यायची. जहाजे युद्धात गुंतल्यावर तिची टंचाई झाली. सरकारने १९४२ साली चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली आणि पुढच्या वर्षी फिल्मच्या वाटपावर परवाना बसवला. त्याच वेळी युद्धाच्या ठेक्यांतून आणि काळ्या बाजारातून आलेला, हिशेबात न दाखवता येणारा पैसा चित्रपटांकडे वळला. नव्या निर्मात्याकडे कंपनी नव्हती, आवार नव्हते, पगारपत्रक तर नव्हतेच. होता फक्त रोकडा आणि घाई. तो ताऱ्याला एका चित्रपटापुरता विकत घ्यायचा, तसाच संगीतकाराला आणि तसाच वादकांना, पाळीच्या हिशेबाने. पाळीने पैसे मिळणार म्हटल्यावर स्वरलिपी पाहून पहिल्याच फटक्यात वाजवणारा माणूस अनमोल ठरला. कानाने शिकणाऱ्या वादकाला जे दोन दिवसांत बसवता येई, ते गोव्याचा वादक दोन तासांत वाजवून मोकळा होई. मोठे वाद्यवृंद, वेगळा अरेंजर, एकाच दिवसात पुरे होणारे रेकॉर्डिंग ही पुढच्या दशकाची सगळी रीत या अर्थकारणातून उभी राहिली. स्टुडिओ मोडायला युद्ध एकटे कारण होते असे मी म्हणणार नाही. शांतारामबापूंनी १९४२ साली प्रभात सोडली ती कच्च्या फिल्मवरून नव्हे. पण मोडलेल्या घराच्या जागी काय उभे राहिले, ते मात्र युद्धाच्या पैशाने ठरवले.

लाखेची गोष्टही थोडक्यात सांगण्याजोगी आहे. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेपासून बने, आणि जगाला पुरणारी लाख पळस-कुसुमाच्या झाडांवरून, मुख्यतः छोटा नागपूरच्या जंगलांतून येई. जपानी फौजा आग्नेय आशियात उतरल्यावर समुद्रमार्ग धोक्यात आले. लष्करालाही लाख वार्निश आणि विद्युतरोधक म्हणून हवी होती. एप्रिल १९४२मध्ये अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीच्या लाखेत सत्तर टक्के कपात केली. सैनिकांसाठी काढलेल्या तबकड्या मग व्हिनाइलवर निघू लागल्या, आणि युद्धानंतर, १९४८ साली, कोलंबिया कंपनीने त्याच मालावर दीर्घ मुद्रणाची तबकडी आणली. तीन मिनिटांच्या चौकटीतून पाश्चात्त्य संगीत सुटले ते असे. आपल्याकडे लाख घरचीच, त्यामुळे दमदमचा कारखाना ७८ची तबकडी काढतच राहिला, इतका की साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा तिथे ७८वर निघाली. हिंदी गाणे तीन-साडेतीन मिनिटांत मुखडा आणि अंतरे बसवत राहिले, यामागे रसिकांची आवड किती आणि लाखेची उपलब्धता किती, याचा विचार आपल्या संगीतसमीक्षेने फारसा केलेला नाही.

आता लहरींकडे येतो, कारण माझा सगळ्यात भक्कम पुरावा तिथे आहे. सिलोनच्या रेडिओचा जन्मच युद्धाच्या भंगारातून झाला. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या जर्मन पाणबुडीतली बिनतारी यंत्रसामग्री वापरून तार खात्याच्या अभियंत्यांनी कोलंबोत छोटा ट्रान्समीटर जुळवला आणि एडवर्ड हार्परच्या पुढाकाराने १९२५मध्ये नियमित प्रक्षेपण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धात तेच पुन्हा, पण शंभर पटींनी. लॉर्ड माउंटबॅटनच्या आग्नेय आशिया कमांडने १९४४ साली आपले मुख्यालय दिल्लीहून कँडीला हलवले. ब्रह्मदेश-मलायात लढणाऱ्या सैनिकांना घरची गाणी आणि बातम्या ऐकवण्यासाठी कोलंबोला 'रेडिओ सीॲक' सुरू झाला आणि त्याच्यासाठी शंभर किलोवॉटचा लघुलहरींचा ट्रान्समीटर मागवला गेला. तो उभा राहून पुरता कामाला लागेपर्यंत जपानने शरणागती पत्करली होती. ज्यांच्यासाठी तो आणला ते सैनिक मायदेशीच्या बोटीत बसत होते. सारा उपखंड आणि त्यापलीकडचा समुद्र ऐकू शकेल असा हा राक्षस मग स्वतंत्र सिलोनच्या पदरात पडला. तेवढ्या छोट्या देशाला तेवढ्या मोठ्या आवाजाचे करायचे काय, हा प्रश्नच होता.

उत्तर परराष्ट्रधोरणातून आले. जानेवारी १९५०मध्ये राष्ट्रकुलाचे परराष्ट्रमंत्री कोलंबोत जमले आणि आशियात साम्यवाद पसरू नये म्हणून आर्थिक-तांत्रिक मदतीची 'कोलंबो योजना' आखली गेली. धरणे, शेती, तंत्रशिक्षण यांच्या बरोबरीने या योजनेतून सिलोनला मिळालेली एक मदत म्हणजे क्लिफर्ड डॉड नावाचा ऑस्ट्रेलियन रेडिओतज्ज्ञ. रेडिओ सिलोनचा व्यापारी विभाग त्याने चालवला. त्याच्या ध्यानात आले की समुद्रापलीकडे कोट्यवधी श्रोते आहेत, त्यांच्या स्वतःच्या रेडिओवर जाहिराती नाहीत आणि त्यांना हवी ती गाणीही पुरेशी लागत नाहीत. माओला रोखायला निघालेली योजना अशा रीतीने हिंदी सिनेगीताची सर्वांत मोठी पेढी उघडून बसली.

दिल्लीत १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे अभिमानी, आणि त्याआधी परराष्ट्र खात्याचे उपमंत्री. चित्रपटसंगीत सवंग आणि पाश्चात्त्यांची उसनवारी करणारे आहे, ही त्यांची खात्री होती. ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटगीतांचा वाटा छाटला गेला, गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव घेणे बंद झाले, निर्मात्यांनी चिडून परवानगीच काढून घेतली आणि गाणी जवळजवळ नाहीशी झाली. त्याच वर्षी ३ डिसेंबरला, बुधवारी, रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सिबा या स्विस कंपनीची टूथपेस्ट, अमीन सयानींचा आवाज, मुंबईत ध्वनिमुद्रण आणि टेप विमानाने कोलंबोला. त्या टेपचीही कहाणी युद्धाचीच आहे: चुंबकीय फितीवरचे चांगल्या दर्जाचे मुद्रण जर्मनीत तयार झाले, १९४५मध्ये जॅक मलिन नावाच्या अमेरिकन लष्करी अभियंत्याला दोन यंत्रे सापडली, ती त्याने सुटी करून घरी पाठवली आणि त्यांच्यावरून तीन वर्षांत ॲम्पेक्सचे यंत्र बाजारात आले. जर्मन तंत्र, अमेरिकन लूट, ब्रिटिश ट्रान्समीटर, ऑस्ट्रेलियन सल्लागार आणि स्विस दंतमंजन. एवढा गोतावळा जमला तेव्हा बुधवारी रात्री आठ वाजता सांगली-सोलापुरात हिंदी गाणे लागत होते.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. केसकरांची बंदी हा घरचा सांस्कृतिक वाद होता. श्रोत्यांना गाणी हवी होती, ती त्यांनी कुठूनतरी मिळवलीच असती. यात युद्धाचा संबंध ओढूनताणून आणलेला आहे. आक्षेपाचा पहिला भाग मी पूर्ण मान्य करतो. दुसरा नाही. श्रोत्यांची हौस म्हणजे मागणी झाली, आणि मागणी असूनही पुरवठ्याची वाट नसली की ती मरते किंवा रूप बदलते. सरकारी रेडिओला देशात प्रतिस्पर्धी नव्हता, खाजगी केंद्राला परवाना मिळणे शक्य नव्हते, ग्रामोफोन मध्यमवर्गालाही परवडत नसे. केसकरांचे धोरण ज्या देशात पूर्ण यशस्वी झाले असते असा देश कागदावर हाच होता. ते पाच वर्षांत ढासळले. ३ ऑक्टोबर १९५७ला त्याच केसकरांच्या खात्याने 'विविध भारती' सुरू केली. मंत्र्यांची अभिरुची बदलली नव्हती. रेडिओ सिलोनने श्रोते नेले होते. पाल्कच्या सामुद्रधुनीपलीकडे युद्धाने शंभर किलोवॉट सोडून दिले नसते, तर आपल्या चित्रपटगीताचे काय झाले असते याची कल्पना करून पाहावी. ते नष्ट झाले नसते. पण थिएटर आणि इराणी हॉटेल यांच्या परिसरात राहिले असते. खेड्यातल्या पोराला दर आठवड्याला क्रमवारी पाठ असणे, आपले गाणे वर चढावे म्हणून झुमरीतलैयासारख्या गावांतून पत्रांचा पाऊस पडणे, गाण्याचे 'हिट' असणे ही एक मोजता येणारी गोष्ट होणे, ही सगळी संस्कृती त्या ट्रान्समीटरची देणगी आहे.

मग सरकारे जेव्हा ठरवून, हेतूपूर्वक संगीत वापरतात तेव्हा काय होते? अमेरिकेने १९५६पासून जॅझवादकांना सरकारी खर्चाने जगभर पाठवले. वर्णभेदाच्या आरोपाला आणि सोव्हिएत बॅलेला उत्तर म्हणून. डेव्ह ब्रूबेकची चौकडी १९५८ साली पोलंड, तुर्कस्तान करत भारतात आली, ड्यूक एलिंग्टनचा ताफा १९६३ साली. कार्यक्रम गाजले, फोटो निघाले. पण मुंबईच्या लोकप्रिय गाण्यावर या अधिकृत दौऱ्यांचा ठसा मला तरी ऐकू येत नाही. जॅझ तोवर चिक चॉकलेटच्या पिढीने बिनसरकारी वाटेने रुजवून झाले होते. परिणाम झाला तो उलट दिशेने. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेला नऊ मात्रांचा विषम ताल ब्रूबेक घरी घेऊन गेला आणि १९५९च्या 'टाइम आउट' या अल्बमने अमेरिकेतल्या सामान्य श्रोत्याला पाच आणि नऊ मात्रांची चटक लावली. जगाला आपले संगीत ऐकवायला निघालेल्या धोरणाने आपलेच संगीत बदलून आणले. सोव्हिएत संघाचेही तसेच. स्तालिनच्या मृत्यूनंतर मॉस्को-दिल्ली जवळीक वाढली, १९५४ साली 'आवारा' तिथे लागला आणि सहा कोटींहून अधिक लोकांनी तो पाहिला. दार उघडले ते धोरणाने, हे निःसंशय. ख्वाजा अहमद अब्बास आणि वसंत साठे यांच्या पटकथेतला वर्गसंघर्ष सोव्हिएत अधिकाऱ्यांना भावला असणार. ताश्कंद-तिबिलिसीच्या लोकांनी मात्र शंकर-जयकिशनची चाल उचलली आणि संघर्ष थिएटरमध्येच ठेवला.

१९६५च्या युद्धाने याची आणखी एक बाजू दाखवली. पाकिस्तानने भारतीय चित्रपटांवर पूर्ण बंदी घातली. स्पर्धक नाहीसा झाल्यावर तिथल्या चित्रपटसंगीताला मोकळे रान मिळाले. १९६६च्या 'अरमान'मधले अहमद रश्दी यांनी गायलेले, सोहेल राणा यांचे संगीत असलेले पॉप ढंगाचे गाणे कराचीच्या नव्या तरुणाईची खूण ठरले. म्हणजे बंदीचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवे. पण रिळांचे डबे सीमेवर अडवता येतात तसा आवाज अडत नाही. त्याच १९६५ साली आकाशवाणीने सीमेपलीकडच्या श्रोत्यांसाठी उर्दू सेवा सुरू केली, आणि तिचे मुख्य आकर्षण जुनी हिंदी चित्रपटगीते हेच ठरले. तेरा वर्षांपूर्वी ज्या खात्याला ही गाणी स्वतःच्या नागरिकांना ऐकवण्याच्या लायकीची वाटली नव्हती, त्याच खात्याने ती शेजाऱ्याचे मन जिंकायला वापरली. केसकर तोवर मंत्रिपदावरून गेले होते.

हे सगळे वाचून कुणी विचारेल, मग देशभक्तिगीतांचे काय? युद्धाचा संगीतावरचा परिणाम म्हटले की मराठी वाचकाच्या मनात पहिल्यांदा २७ जानेवारी १९६३ची दिल्लीतली ती सभा येते: चीनच्या युद्धातल्या हुतात्म्यांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत, लताबाईंचा आवाज, समोर डोळे पाणावलेले नेहरू. संगीत, पुन्हा, सी. रामचंद्रांचे, ज्यांनी 'समाधी'त मिरांडाची चाल घेतली त्याच माणसाचे. आपल्याकडे त्याच वर्षी 'छोटा जवान'मधले गदिमा आणि वसंत देसाई यांचे समरगीत शाळाशाळांत गेले. ही गाणी खोटी नव्हती, क्षुद्र तर अजिबात नव्हती, आणि साठ वर्षांनंतरही ती टिकून आहेत. पण ती कुठे टिकली आहेत ते पाहा: पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला, ध्वजवंदनाच्या ध्वनिक्षेपकावर. कॅलेंडरने जपलेले गाणे आणि लोकांची रोजची चव बदलणारे गाणे यांत फरक आहे. नंतरच्या संगीतकारांनी चाली बांधल्या त्या १९६३च्या दिल्लीतल्या गीतासारख्या नव्हे, १९५१च्या 'अलबेला'सारख्या. एकाच कलावंताच्या दोन कामांपैकी युद्धावर लिहिलेले काम स्मारक झाले आणि ज्यात युद्धाचा उल्लेखही नव्हता ते वहिवाट झाले.

लोकांच्या पसंतीचा त्या काळातला सर्वांत चांगला दाखला गीतमालेच्या वार्षिक याद्यांचा. चीनच्या युद्धानंतरच्या वर्षी, १९६३ साली, पहिले आलेले गाणे 'ताजमहाल'मधले प्रेमगीत होते. १९६५ साली, लाहोरच्या वेशीवर रणगाडे असताना, 'सहेली'मधले प्रेमगीत. डिसेंबर १९७१मध्ये ढाका पडले. १९७२च्या यादीत सर्वांत वर होते 'हरे राम हरे कृष्ण'मधले, इलेक्ट्रिक गिटारवर उभे राहिलेले, व्हिएतनामच्या काळातल्या अमेरिका-युरोपकडे पाठ फिरवून काठमांडूत येऊन बसलेल्या हिप्पींचे गाणे.